दुधनीला गेलेली म्हातारी

उंदीर पडायला लागले तेव्हा शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात कुणी कुणाला काही बोललं नाही. ज्याच्या दारात उंदीर सापडे तो फडक्याने उचलून मुकाट्याने गटारीपलीकडे टाकून येई आणि हात धुऊन कामाला लागे. पण कोंडीबा सुताराचा भाऊ तापाने फणफणला, त्याच्या जांघेत गाठ आली आणि बघता बघता त्याला उचलायची वेळ आली, तशी सगळ्या बोळाने एकदम गाठोडी बांधायला घेतली. मानमोडीचा ताप येऊन गेल्याला अजून पाच वर्षंही झाली नव्हती. घरातली माणसं एकामागून एक कशी जातात हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

अक्कलकोट रस्त्याच्या माळावर झोपड्या पडल्या. बांबू, तट्टे, जुने पत्रे, जे हाताला लागेल ते घेऊन लोक निघाले. तिथेही माणसं आपापल्या माणसांजवळ वसली. सुतारांशेजारी सुतार, कोष्ट्यांशेजारी कोष्टी, वाण्यांशेजारी वाणी. बोळाच्या टोकाला एका खोलीत राहणाऱ्या तानाबाईला मात्र ‘चल’ म्हणणारं कुणी नव्हतं. ती धनगराची. नवरा येडू मिलमध्ये कामाला होता म्हणून ती शहरात आली; मानमोडीत आधी तो गेला आणि मागोमाग लेक. भाऊ होता, पण तो मेंढरं घेऊन कधी या रानात तर कधी त्या. दोन शेळ्यांचं दूध विकायचं, लोकर कातून घोंगडीवाल्यांना द्यायची, यावर तिचं एकटीचं भागत होतं.

आणि तानाबाईला लहानपणी प्लेग होऊन गेला होता. काखेतली गाठ फुटून ती वाचली होती. तो व्रण बोळातल्या बायकांना ठाऊक होता. एरवी त्या तेवढ्यासाठी तिच्यापासून जरा हटून बसत. आता त्याच बायका तिच्या दाराशी येऊन म्हणू लागल्या, “तुला काय हुतंय तानाबाई? तुला एकदा यिऊन गेलंय. आमच्या घराकडं तेवढं ध्यान ठिव.” आणि लांबूनच तिच्या पदरात किल्ल्या टाकू लागल्या.

सगळ्यांत शेवटी लिंगायत वाणी मडिवाळप्पा निघाला. भुसारी दुकान, बोळातलं सगळ्यांत मोठं घर, बायको पोटुशी, दोन लहान पोरं आणि म्हातारी आई नीलव्वा. म्हातारी गाडीत बसायला तयारच होत नव्हती. अखेर मुलाने हाताला धरून तिला चढवलं. गाडी हलली तशी ती मागे वळून ओरडली, “ताने, अंगणातल्या बेलाला पाणी घाल ग! आन् सैपाकघरात पाय ठिवू नको!”

“न्हाय ठिवत अव्वा,” तानाबाई म्हणाली.

गाडी वळली. बोळात कुलपं तेवढी उरली.

म्युनिसिपालटीची माणसं येऊन फिनेल मारून गेली. ऊन आत जावं म्हणून त्यांनी घराघरांची कौलं उतरवली. मग तीही आली नाहीत. सकाळी मिलचा भोंगा होई, पण त्याच्यामागून बोळातून धावणारी पावलं वाजत नसत. तानाबाई शेळ्यांशी बोलू लागली. एकदा नळावर घागर भरताना तिला वाटलं, मागे कुणीतरी नंबर लावून उभं आहे. ती घाईने बाजूला झाली. मागे कुणी नव्हतं.

दुपारी मात्र माळावर जायचं असे. झोपड्यांच्या अलीकडे एक कडुनिंब होता. त्याच्यापुढे तिने यायचं नाही असं ठरलं होतं. झाडाखाली ती टोपली ठेवी आणि मागे सरे. मग ज्याचं त्याचं माणूस येऊन आपली वस्तू उचलून नेई. शिंप्याला कातर हवी असे, कुणाला पाळण्याची दोरी, कुणाला फडताळात राहून गेलेला जायफळाचा तुकडा. एका सुनेने नवऱ्याला चोरून, खुणेने, आपला आरसा मागवला. लोक लांबून ओरडून सांगत आणि तानाबाई ते ध्यानात ठेवी. आयुष्यात इतक्या माणसांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. संध्याकाळी परतताना तिला हे आठवे आणि आपल्याला दुपारची ओढ लागली आहे याची लाज वाटे. माणसं मरत होती आणि तिला बरं वाटत होतं.

सगळ्यांत जास्त मागणी नीलव्वाची. आज तांब्या, उद्या उखळीतला दगड, परवा विभूतीचा डबा. ती झोपडीच्या दारात बसून सबंध माळाला ऐकू जाईल अशी ओरडे, “माजघरातली ती मोठी परात आण ग!” परात आणली की, “ही न्हवं, दुसरी!” मडिवाळप्पा वैतागून म्हणे, “अव्वा, सगळं घर हितं आणतीस काय?”

“मला घरला न्हेत न्हाईस तर घर हितं आण,” म्हातारी म्हणे.

एक दिवस ती काठी टेकत स्वतःच निंबापर्यंत आली. तानाबाई मागे सरली.

“पळतीस कशाला? मला घरला घिऊन चल,” नीलव्वा म्हणाली. “उघड्यावर मला डोळा लागंना. ह्या वयात वारा खायला मी काय मेंढरू हाय?”

“आप्पा रागावत्याल.”

“त्याला मी जन्म दिला, त्यानं मला न्हाय.”

मडिवाळप्पाने तिला समजावून परत नेलं. पण त्यानंतर म्हातारीने अन्न सोडल्यासारखंच केलं. आणि पुढच्या आठवड्यात तिला ताप भरला.

माळावर ताप लपत नाही. झोपडीला झोपडी लागून. बायकांनी पोरं आत घेतली. पुरुष जमले. “आज म्हातारी, उद्या आमी,” असं कुणीतरी म्हणालं. सरकारी दवाखान्याच्या झोपड्या पलीकडे, रुळांच्या बाजूला होत्या. तिकडे नेलेलं माणूस परत आलेलं या लोकांनी फारसं पाहिलं नव्हतं. उद्या सकाळपर्यंत तिला हलवा, नाहीतर आम्ही म्युनिसिपालटीची माणसं बोलावतो, असं सांगून ते गेले.

दुसऱ्या दिवशी तानाबाई निंबाखाली पोचली तर मडिवाळप्पा तिथे उभाच होता. ती नेहमीप्रमाणे मागे सरली. पण तोच पुढे आला, तिच्या पुढ्यात हात जोडून उभा राहिला. रात्रभर जागलेल्या माणसाचे डोळे.

“तानाबाई, अव्वाला घरला न्हेशील?”

तिने टोपली खाली ठेवली. तोच पुढे बोलू लागला.

“तिकडं दवाखान्यात तिच्या तोंडात कोण पाणी घालंल? गळ्यातलं लिंग कोण बघंल? मीच घरला तिच्यासंगं ऱ्हायलो असतो. पण बायकोचे दिवस भरत आलेत, पोरं बारकी हायत. आमी सगळ्यास्नी सांगितलंय, अव्वाला लेकीकडं दुधनीला धाडतोय म्हणून. तू कुणाला बोलू नको.”

“आन् गाठ आसली तर?” तानाबाईने विचारलं.

मडिवाळप्पा खाली बघत राहिला. “तुला एकदा यिऊन गेलंय न्हवं,” एवढंच तो म्हणाला.

एकदा येऊन गेलेला प्लेग पुन्हा येत नाही असं कुणीही तिला खात्रीने सांगितलेलं नव्हतं. लोक म्हणत, आणि लोकांनी म्हटलं म्हणून तीही म्हणे. पण झोपडीच्या दारात घोंगडी पांघरून बसलेली ती म्हातारी तिला दिसली. एवढीशी झाली होती.

“गाडी जुपा,” ती म्हणाली.

माळ नजरेआड झाल्यावर ती वाटेत गाडीत चढली. गाडीवान बोळात यायला तयार होईना. पेठेच्या तोंडाशीच त्याने दोघींना उतरवलं आणि मागे न बघता बैल हाकले. नीलव्वाला चालवेना. तानाबाई तिच्यापुढे उकिडवी बसली, तिचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि तिला पाठीवर घेऊन उठली. तापलेला गाल तिच्या मानेला लागला. लेक गेल्यापासून तिच्या अंगाला माणसाचं अंग लागलं नव्हतं. घरापर्यंतच्या वाटेत ती हळू चालली. ओझं जड होतं म्हणून नव्हे.

घरात अंथरूण घालून तिने म्हातारीच्या काखा चाचपल्या, मग जांघा. गाठ नव्हती. पुन्हा चाचपलं. नव्हती.

“काय शोधतीस? मोहरा हायत काय तितं?” नीलव्वा पुटपुटली. तानाबाईला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं.

पहिल्या दिवशी म्हातारीने तिला चुलीजवळ जाऊ दिलं नाही. “आमच्यात चालत न्हाय,” ती म्हणाली आणि स्वतः उठायला गेली ती भिंतीला धरूनच बसली. दुसऱ्या दिवशी ती आढ्याकडे बघत बराच वेळ पडून होती. कौलं उतरवलेल्या जागेतून उन्हाचा पट्टा आत आला होता.

“हात धू,” शेवटी ती म्हणाली. “चांगलं कोपरापतूर धू. आन् कर काय करतीस ते. आंबील कर. पातळ.”

तानाबाईने त्या स्वयंपाकघरात पाय ठेवला. ज्वारीचं पीठ कुठं, मीठ कुठं, ते म्हातारी अंथरुणातून सांगत होती. आंबील झाली. नीलव्वाने आधी तळहातावर लिंग घेऊन पूजा केली, विभूती लावली, मग तोंड उघडलं. तानाबाई चमच्याने भरवू लागली.

“साकु,” अर्ध्यात म्हातारी म्हणाली. पुरे.

“अजून दोन घोट घ्या.”

“साकु म्हटलं की साकु,” म्हणाली आणि दोन घोट घेतले.

ताप उतरला. साधा वाऱ्याचा ताप होता. पण आता तिला परत माळावर नेता येत नव्हतं. ती दुधनीला गेली होती. मग दोघी त्या ओसाड बोळात राहिल्या. सकाळी शेळ्यांचं दूध, बेलाला पाणी, आंघोळ, पूजा. पुढे भाकरी आणि शेंगांची चटणी. नीलव्वाला तानाबाईची भाकरी कधीच पसंत पडली नाही. जाड झाली, कडा जळाल्या, पापुद्रा सुटला नाही. आणि ती एक जास्तच खायची. दुपारी तानाबाई निंबापर्यंत जाऊन येई. मडिवाळप्पा टोपली उचलताना हळूच विचारी, “दुधनीचं काय?”

“बरं हाय,” ती सांगे. “काल पुरणाची आठवण काढत हुती दुधनी.”

मडिवाळप्पा तोंड फिरवून हसे. एकदा त्याचे डोळे भरून आले.

परत आली की म्हातारी दारात वाट बघत असे. “किती येळ? मला वाटलं गेलीस पळून.” तानाबाईला कुणी असं विचारल्याला वर्षं झाली होती. ती उगाच रागावल्यासारखं करी. मग लोकर घेऊन कातत बसे आणि नीलव्वा बोलत राही. आपलं लग्न, सासूचा जाच, दुधनीला दिलेली लेक मल्लव्वा. एकदा बोलता बोलता थांबली.

“तुझ्या लेकीचं नाव काय ग?”

तानाबाईच्या हातातला धागा तुटला. “बाळाक्का,” ती म्हणाली. ते नाव तिने मोठ्याने उच्चारलं तेव्हा तिलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

“कशी हुती?”

तानाबाईने सांगितलं. काळी होती, केस दाट होते, शेळीच्या कानात बोलायची, गूळ चोरायची. सांगता सांगता ऊन भिंतीवरून उतरलं. नीलव्वाने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि ही तिच्यासाठी मोठी गोष्ट होती.

मग उन्हाळा तापला. उन्हाबरोबर साथ ओसरली. माळावरून लोक परतणार असं ठरलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मडिवाळप्पा घरी आला. त्याला मुलगा झाला होता, बाळबाळंतीण सुखरूप होती. आईच्या पाया पडून तो तानाबाईकडे वळला.

“पहाटं अव्वाला घिऊन जातो. सकाळची दुधनीची गाडी येती, तवा टेसनावरनं आल्यागत सगळी मिळून येऊ.” मग जरा अडखळून म्हणाला, “माळावर ताप लपवला हे कळलं तर लोक दुकानाची पायरी चढायचे न्हायत. आन् आमचे गुरू, जंगम... चुलीचं कळलं तर... तुला समजतंय न्हवं?”

“समजतंय की,” तानाबाई म्हणाली.

नीलव्वा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तानाबाईने चूल सारवली, भांडी घासून पालथी घातली, आपली लोकर उचलली आणि खोलीवर गेली.

दुसऱ्या दिवशी बोळ माणसांनी भरला. पोरं धावत सुटली, कुलपं निघाली, आरडाओरडा, धूळ. तानाबाई एकेकीची किल्ली जिची तिला देत उभी होती. मडिवाळप्पाची गाडी आली. बायको तान्ह्याला घेऊन, पोरं, आणि मांडीवर गाठोडं धरून नीलव्वा. शेजारणी गोळा झाल्या. “दुधनी मानवली की अव्वा तुमास्नी! रंग उजळला!”

“पाणी ग्वाड हाय तितलं,” नीलव्वा म्हणाली. मग तिची नजर तानाबाईवर पडली.

“काय ग ताने, बरी हायस न्हवं?”

“बरी हाय अव्वा,” तानाबाई म्हणाली. “तुमी दुधनीस्नं कवा आलासा?”

“ही काय आत्ताच,” म्हातारी म्हणाली आणि मुलाचा हात धरून उंबरा ओलांडून आत गेली.

घरं धुतली गेली, कौलं परत चढली. आता कुणाला काही आणून हवं नव्हतं. उलट नळावर एकजण म्हणाली, “ही गावभर मेलेल्यांच्या घरातनं हिंडलीया, हिची घागर शेवटाला लावा.” तानाबाईने घागर उचलली आणि शेवटी जाऊन उभी राहिली. ओसरीवर नीलव्वा शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले. पण तिने मान वर केली नाही.

त्या दुपारी बोळ झोपला असताना काठीचा आवाज आला. नीलव्वा तानाबाईच्या उंबऱ्यावर येऊन टेकली. दम लागला होता. तानाबाईने पाणी दिलं, ती प्याली. मग म्हणाली, “सून भाकरी पातळ करती. पोट भरंना.” तानाबाईने टोपल्यातली भाकरी पुढे केली. म्हातारीने ती सगळी खाल्ली, कडा जळाल्या आहेत असं म्हणाली नाही. “अव्वा कुटं गेली?” असा सुनेचा आवाज आला, तशी उठून गेली. पुन्हा काही तिला यायला जमलं नाही. पावसाळा लागला, गुडघे धरले. श्रावणात एका पहाटे झोपेतच ती गेली.

लिंगायतांच्या रीतीने फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीत, बसवून वाजतगाजत तिला नेलं. तानाबाई बोळाच्या तोंडापर्यंत मागे मागे गेली आणि मग थांबली. तिच्या पुढे दुधनीहून आलेली लेक मल्लव्वा चालली होती, शेजारीण तिला धीर देत होती, “नशीब तुमचं. पिलेगात तुमच्याकडंच हुती. लेकीच्या हातचं खाल्लं म्हातारीनं.” मल्लव्वाने चमकून तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे. मडिवाळप्पाने नजर खाली घातली. “व्हय,” मल्लव्वा म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दिवसकार्य आटोपल्यावर, परत जायच्या दिवशी, ती तानाबाईच्या दारात आली. पिलेगात बोळात एकटी कोण राहिली होती, हे तिने शेजारणींकडून काढून घेतलं होतं. नाकीडोळी आईसारखीच, फक्त आवाज हळू.

“अव्वा तुझ्याकडं हुती न्हवं, पिलेगात?”

तानाबाई शेळीला पाला घालत होती. तिने हात पुसले. “न्हाय बाई. तुमच्याकडं हुती की, दुधनीला.”

मल्लव्वा उंबऱ्यावर बसली. “मला निरोपसुद्दा न्हवता,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी पंचमीला बघितलेली अव्वा, ती आता मेल्यावर बघितली. लोक मला म्हणत्यात, तू केलंस, तू केलंस. मी काय केलं ते मला तरी कळू दे.” तिने पदर तोंडाला लावला. “माझ्याकडं हुती म्हणतीस, तर सांग की. काय खात हुती ती माझ्याकडं?”

तानाबाईने बोळात दोन्ही बाजूंना पाहिलं. मग तिच्यासमोर भिंतीला टेकून खाली बसली.

“आदी आंबील,” ती म्हणाली. “पातळ. अर्ध्यावर साकु म्हणायची आन् मग दोन घोट घ्यायची.”

मल्लव्वा रडता रडता हसली. “तशीच हुती ती.”

तानाबाईने सगळं सांगितलं. पाठीवर आणल्याचं, ताप उतरल्याचं, सासूच्या जाचाचं, लेकीचा विषय निघाला की म्हातारी काय काय बोलायची त्याचं. मल्लव्वा मध्येमध्ये विचारी, “मग?” आणि ती पुढे सांगे. स्टेशनला जायला उशीर होतोय म्हणून मडिवाळप्पाने बोळातून हाक मारली. बहिणीला त्या दारात बसलेलं बघून तो जागीच उभा राहिला.

मल्लव्वा उठली. तिने तानाबाईचे दोन्ही हात धरले, घट्ट, आणि सोडले. “दुधनीला ये,” ती म्हणाली.

“यीन की,” तानाबाई म्हणाली. जायचं होणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

गाडी पेठेच्या तोंडाशी वळेपर्यंत ती दारात उभी होती. मग आत आली. शेळ्या ओरडत होत्या, धारेची वेळ टळून गेली होती. तिने भांडं घेतलं आणि शेळीच्या पोटाला डोकं टेकून धार काढायला बसली.